दुपारचं विरजण

आत्ती,

तुम्ही असतात तर एवढ्यातच म्हणाला असतात, "झालं, लागली लेक्चरबाई बोलायला." बोलणारच आहे. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली आणि आपलं सासू-सुनेचं भांडण अर्धवट राहिलंय. त्या भांडणातला अर्धा भाग तुम्ही जिंकलात, हे सांगायला बसले आहे. उरलेला अर्धा मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

सीमेवर पुन्हा वातावरण तंग आहे. टीव्हीवरची माणसं गार खोलीत बसून घसा फोडून युद्ध मागतायत. आपल्या गावात मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही. नेसरीच्या बाजाराला गेलेल्या बायका भाजी घेऊन सरळ घरी परततात, चहाला कुठं थांबत नाहीत. घरटी एक माणूस फौजेत असलेलं हे गाव. ज्यांचे फोन लागतात त्या ते सांगत नाहीत, कारण शेजारणीचा लागलेला नसतो. ज्यांचे लागत नाहीत त्या तर मुळीच सांगत नाहीत. तुमचा मुलगाही तिकडंच आहे. सुभेदार झाला तो, ते तुम्ही बघितलं नाहीत. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत.

मी या घरात आले ती कोल्हापुरातून, वक्तृत्वाच्या ढाली आणि पुस्तकांची पेटी घेऊन. रुखवतात लाडू-चिवड्याशेजारी ती पेटी मांडली म्हणून तुमच्या जावा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पेटी उघडलीत, वरचं जाड पुस्तक हातात घेऊन तोललंत आणि विचारलंत, "ह्यातलं शिजतंय काय?" लग्नानंतर पंधरा दिवसांत तुमचा मुलगा पलटणीत परत गेला आणि या स्वयंपाकघरात आपण दोघी उरलो. तुमचा आवाज गावच्या वेशीपर्यंत जाणारा, माझा सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत. घर लहान पडायचं.

रोज दुपारी जेवणं आवरली की तुम्ही ती अॅल्युमिनियमची, तुम्ही जिला जर्मनची म्हणायचात ती झाकणाची वाटी उचलायचात आणि निघायचात. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं, आणि फाटकापासूनच आरोळी, "आगं ये, इरजण हाय का गं घरात?" आपल्या दावणीला तीन म्हशी होत्या. शिंक्यावर दह्याचं मडकं कधी रिकामं नसायचं. आणि तुम्ही रोज एका घरी जाऊन चमचाभर विरजण मागून आणायचात. ज्या घरचा माणूस तेव्हा सीमेवर आहे तेच घर तुम्ही निवडायचात, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला त्यात चौकसपणा दिसायचा. कुणाच्या घरात काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे बघायला म्हातारी फिरते असं मला वाटायचं. एकदा तुम्ही वाटी माझ्या हातात दिलीत, "आज तू जा," म्हणालात. मी म्हटलं, "घरात मडकं भरलेलं असताना दारोदार वाटी घेऊन हिंडायला मी काय भीक मागायला आलेय?" तुम्ही चुलीपुढून उठलासुद्धा नाहीत. "भीक न्हवं. हजेरी हाय ती," म्हणालात. "पलटणीत सांच्याला हजेरी घेत्यात न्हाय? तशी. सकाळी बाईला काम असतंय, सांच्याला माणसं असत्यात. दुपारी एकटी असती आन् डोकं चालू लागतंय. तवा जायाचं. आन् एकटीनंच जायाचं."

"मग सरळ विचारावं, बरी आहेस का म्हणून. विरजण कशाला मागायचं?"

"बरी हायस का म्हणून कोन इच्यारतंय? ज्येला कायतरी म्हाईत हाय तोच."

मी त्यावर मोठं भाषण केलं होतं. मोकळेपणा, संवाद, बायकांनी एकमेकींशी खरं बोलण्याची गरज. तुम्ही भाकरी थापत ऐकलंत आणि शेवटी म्हणालात, "पीठ संपलं. तुझं संपलं का?"

पण आपलं खरं भांडण विरजणावरून झालंच नाही. ते झालं शेजारच्या घरावरून. त्या दुपारी निवृत्त हवालदार मामा आले, तुमच्या कानाशी लागले, आणि तुमचा चेहरा मी पहिल्यांदा रंग गेलेला बघितला. पुढच्या क्षणी तुम्ही विळा घेऊन शेजारच्या घरामागं गेलात आणि टीव्हीची तार कापलीत. घरात शिरून शेजारणीचा मोबाइल उचललात, "पोरानं पान्यात टाकला बग," म्हणत कमरेला खोचलात. ती माझ्याच वयाची. तिला सांगितलंत, "काय झाल्यालं न्हाय. पायाला लागलंय जरा. दवाखान्यात हाय." दोन दिवस. दूधवाल्याला माहीत, शाळेतल्या पोरांना माहीत, देवळाच्या पुजाऱ्याला माहीत, आणि जिचा नवरा गेला तिला माहीत नाही. तुम्ही तिला जेवायला वाढत होतात. मी तुम्हाला घरामागच्या परड्यात गाठून म्हटलं, "हा अन्याय आहे. पहिला हक्क तिचा आहे." तुम्ही माझं मनगट धरलंत. केवढी ताकद होती तुमच्या हातात. "सांगून काय करशील? दोन राती जास्तीच्या रडंल. त्या दोन राती मी राखल्या तिच्या. तू पुस्तकं वाच." मी तिला सांगितलं नाही, पण तुम्हाला सोडलंही नाही. तिसऱ्या दिवशी लष्कराची गाडी त्याला घेऊन आली, सगळं झाल्यावर, सगळ्या जावांसमोर मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही दया केली नाहीत, चोरी केलीत. त्यानंतर किती तरी दिवस आपण फक्त मीठ-तिखटापुरतं बोललो.

तुम्ही गेल्यावर मी मंडळ उभं केलं. जवानांच्या बायकांचं. सुरुवातीला चौघी होतो, आता गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली एक तरी आहे. नव्या सुनेला बँकेत घेऊन जाणं, बाळंतिणीला कोल्हापूरला दवाखान्यात नेणं, नवरा सुट्टीवरून परत गेला की पहिले काही दिवस तिच्या घरी कुणीतरी झोपायला जाणं, पोरींना स्कूटर शिकवणं. पंधरा ऑगस्टला पुढाऱ्यांनी व्यासपीठावर जवानाचा जयजयकार केला की मी माइक घेऊन विचारते, त्या जवानाच्या घरचा नळ किती दिवस बंद आहे ते ठाऊक आहे का? टाळ्या पडतात, आणि नंतर नळही येतो. मला अभिमान आहे या कामाचा. आम्ही सगळ्यांनी एकसारख्या हिरव्या साड्या घेतल्या. भेटीला जायचं तर पाच जणींनी मिळून, म्हणजे कुणी एकीवर भार नको, असा नियम मीच केला. तुमची जर्मनची वाटी मी डाळीच्या डब्यात माप म्हणून टाकली.

आता गेल्या आठवड्यातली दुपार ऐका.

खालच्या आळीत एक पोरगी सून म्हणून आलीय, उचगावची. मांडीवर सहा-सात महिन्यांचं लेकरू. नवरा शिपाई, सीमेवर. चार-पाच दिवस त्याचा फोन लागत नाही, असं तिच्या सासूनं पाणवठ्यावर कुणाला तरी सांगितलं. सासू-सासरे शेतावर असतात, पोरगी दिवसभर एकटी. मी म्हटलं, चला, तिच्याजवळ बसून येऊ. पाच जणी निघालो. पुढं शेजारची होती, तीच, जिची तार तुम्ही कापली होती. ती आता मंडळात माझा उजवा हात आहे, माझ्याइतकीच तिखट. ऊन फार, म्हणून आम्ही डोक्यावरून पदर घेतलेले. लेकरू झोपलं असेल म्हणून कुणी बोलत नव्हतं. फाटक मी हळूच उघडलं, कडी वाजू नये म्हणून हातानं धरून.

आत्ती, तुम्ही आतापर्यंत कपाळाला हात लावला असेल. मला दिसलं नाही हो. पाच बायका, एका रंगाच्या, डोक्यावर पदर, मुकाट, आणि सर्वांत पुढं गावातली विधवा. जवानाच्या दारात. भर दुपारी.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. खिडकीत तिचा चेहरा क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. धाड करून दार लागलं, वरची कडी, खालची कडी. आणि मग तिचा आवाज. मी खूप सभा गाजवल्या, खूप आवाज ऐकले, पण असा नाही. "येऊ नगासा! फुडं येऊ नगासा! माज्या दारात हुबं राहू नगासा!"

आम्ही पाचही जणी एकदम ओरडलो, "अगं, काही झालं नाही! काय झाल्यालं न्हाय गं बाय!"

आतून ती हसली. खरंच हसली, रडत रडत. "आसंच म्हंत्यात! आसंच म्हंत्यात सगळ्यास्नी! सांगा की कुठं लागलंय ते. पायाला का? पायालाच सांगता न्हवं दरवेळी?"

लेकरू किंचाळत होतं. मी दाराशी गेले, माझा सगळ्यात ठाम आवाज काढला. म्हटलं, बाळ, मी शपथेवर सांगते, आम्हाला कसलीही बातमी नाही, आम्ही फक्त तुला भेटायला आलोय. "भेटाय? पाच जनी?" ती म्हणाली. मी आणखी बोलले. जितकं बोलले तितकी ती मागं सरकत गेली, आवाज आतल्या खोलीत गेला. आणि मग लेकराचं रडणं मध्येच थांबलं. हळूहळू नाही, एकदम. आमच्यातली एक मागच्या बाजूला धावली. घराला मागं दार आहे, तेही बंद होतं. खिडकीला गज. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. एक जण म्हणाली, दार फोडूया. शेजारची म्हणाली, "फोडा. मंजे तिला पक्कंच कळंल." मग माझ्याकडं वळून ती म्हणाली, "आक्का, तुमी बोलू नगा. तुमचा आवाज सभंचा हाय. तिला शोकसभाच वाटाय लागलीय. आन् ते काय झाल्यालं न्हाय, काय झाल्यालं न्हाय बंद करा. माज्या दारातबी हेच म्हनाला हुता तुमी लोक."

मी म्हटलं, "मी नव्हते म्हणाले."

"तुमी न्हवता म्हनाला. पर गप तर हुता."

तेवढ्यात खिडकीतून वास आला. दूध करपल्याचा. गॅसवर ठेवलेलं दूध ती तशीच सोडून गेली होती. बाकीच्या म्हणाल्या, पेटेल काहीतरी. माझ्या मनात मात्र ते करपणारं दूध आलं, त्यावरून साय, सायीवरून दह्याचं मडकं, आणि मडक्यावरून तुम्ही. फाटकाशी उभ्या. डोकं उघडं, पदर खोचलेला, हातात वाटी. सुतकाच्या घरातून कुणी विस्तव नेत नाही, पाणी पीत नाही, विरजण तर नाहीच नाही. तुम्ही रोज एका घरी जाऊन, एक शब्दही खोटा न बोलता, त्या बाईला सांगून येत होतात की आज तुझ्या घरात सुतक नाही. बाकी काही सांगत नव्हतात. तेवढंच सांगत होतात, आणि ते तिला पटायचं, कारण तुम्ही ते शब्दांत सांगत नव्हतात.

मी चौघींना हाकलून दिलं. म्हटलं, दोघी-दोघी वेगवेगळ्या वाटेनं जा, पदर काढा डोक्यावरचे, आणि मोठ्यानं भांडत जा. शेजारचीला ते लगेच समजलं. जाता जाता तिनं एकीला तिच्या उधार नेलेल्या परातीवरून असं काही झाडलं की आळीतली कुत्री उठली. मी घरी धावले. या वयात, हिरवी साडी गुडघ्यापर्यंत धरून. डाळीच्या डब्यातून तुमची वाटी उपसली, पदराला पुसली, आणि मागच्या बाजूनं, भांडी घासायच्या दगडाकडून त्या घराशी आले. आवाज निघेना. मी, जिला माइक लागत नाही म्हणतात, तिच्या तोंडून पहिल्यांदा नुसती हवा आली. मग मी तुमचा आवाज आठवला आणि तो काढला.

"आगं ये उचगावकरणी! इरजण हाय का गं घरात? माजं नासलं समदं!"

आत काही नाही. दूध करपतच होतं.

"आगं, आयकाय येतंय का? इरजण मागतोय मी! चमचाभर!"

मी दगडाजवळ उभी. वाटीवर झाकण मुद्दाम वाजवलं. आत एक पाऊल वाजलं. मग मागच्या दाराच्या फटीतून अगदी लहान आवाज आला.

"कालचं हाय. आंबट चालंल का?"

आत्ती, मी आयुष्यात जेवढी भाषणं केली ती सगळी त्या एका प्रश्नावरून ओवाळून टाकावीत. मी म्हटलं, "चालतंय की. आंबटच पायजे."

कडी निघाली. खालची, मग वरची. लेकरू छातीशी होतं, दूध पीत होतं, म्हणून गप्प झालेलं. तिच्या केसांतून घाम गळत होता. मी आत जाऊन आधी गॅस बंद केला. तिनं मडक्यातून दही काढून वाटीत घातलं, पण वाटी सोडली नाही. म्हणाली, "काकी, खरंच न्हेनार? घरात लावनार?" मी म्हटलं, लावणार. "माज्याम्होरं खावा." मी बोटानं चाटून खाल्लं. "पानी प्या." तांब्याभर पाणी प्याले. ती माझ्या घशाकडं बघत होती, घोट खरंच खाली उतरतो का म्हणून. शेवटचा घोट गेला तेव्हा ती जमिनीवर बसली आणि मग रडली. मी तिच्या शेजारी बसले, करपलेल्या दुधाच्या वासात, आणि काहीही बोलले नाही. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. मिनिटभर बोलला, लेकरू रांगतं का विचारलं.

हा तुम्ही जिंकलेला अर्धा भाग. आता माझा ऐका.

त्या पोरीला दाराआड कुणी कोंडलं? आमच्या साड्यांनी आणि माझ्या नियमानं, हे मी मान्य करते. पण त्याआधी तुम्ही. "काय झाल्यालं न्हाय" हे शब्द तुम्ही वापरून वापरून संपवून टाकलेत. खरंच काही झालेलं नसताना ते म्हणायची वेळ आमच्यावर आली, तेव्हा त्यांच्यात जीव उरला नव्हता. दोन रात्री राखल्या म्हणता? शेजारचीनं मला परवा सांगितलं. पायाला लागलंय म्हटल्यावर ती त्या दोन दिवसांत पोटभर जेवली होती. तुम्ही वाढलेलं. नवरा घरी येईल, सुट्टी वाढेल, या विचारानं एकदा गाणंही गुणगुणली होती. "त्या दोन घासांसाठी मी तुमच्या सासूबाईस्नी आजून माफ केलं न्हाय," असं ती तुमच्याबद्दल म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "पर त्येच्याआदी किती तरी दुपारी इरजण मागाय आल्या, त्येबी इसरले न्हाय." दोन्ही एकाच दमात.

तर मंडळाची बैठक घेतली. हिरव्या साड्या सणाला नेसायच्या, भेटीला नाही. रोज दुपारी एकीनं एका घरी जायचं, एकटीनं, काहीतरी मागायला. विरजण, लिंबू, सुई, काहीही. आणि कधी खरंच बातमी आली, तर जिची आहे तिला पहिल्यांदा सांगायची, त्याच घटकेला, तोंडावर. सांगायला मी जाईन. त्या घरी पोचेपर्यंत गावानं तोंड बंद ठेवायचं, आणि त्या घरात मात्र कुणी खोटं बोलायचं नाही. तार कुणी कापणार नाही. हवालदार मामा आता खूप थकलेत, काठी आपटून म्हणाले, "तुज्या सासूनं हे चालू दिलं नसतं." मी म्हटलं, "तिचीच निम्मी पद्धत आहे, मामा. निम्मी माझी." हात वर करून सगळ्यांनी मान्य केलं. सर्वांत आधी शेजारचीचा हात वर गेला.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला वाचता यायचं नाही. तुमच्या मुलाची पत्रं मीच वाचून दाखवायचे, तुम्ही तांदूळ निवडत ऐकायचात आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावायचात. हेही मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि शेवट तर दोनदा. ते मला जमणार नाही, म्हणून घडी घालून जर्मनच्या वाटीखाली ठेवून देते.

गेले काही दिवस मी रोज दुपारी कुणाकडं तरी जाते. आपल्या घरी मात्र कुणी येत नाही. आक्काकडं काय मागायचं, आक्का खंबीर आहे, असं त्यांना वाटतं. माझा आवाजच तसा आहे. परत आले की मी दाराशी बसते आणि रस्त्यावर चपला वाजल्या की कान देते, एकीच्या आहेत की अनेकींच्या. आज दोन भांड्यांत विरजण लावलंय, एक मला, आणि एक कुणी मागायला आलं तर द्यायला. आत्ती, तुमच्या मुलाचा फोन त्या पोरीच्या नवऱ्याच्याही आधीपासून लागत नाही. हे मी मंडळात कुणालाच सांगितलेलं नाही.